हार्डवेअरचं वर्णन लिहिताना ड्रायव्हर मिटून ठेवा

पीसीआय किंवा यूएसबीवर लावलेलं उपकरण आपली ओळख स्वतः सांगतं. कोणत्या कंपनीचं, कोणतं मॉडेल, हे आकडे त्याच्या पोटातच असतात आणि कर्नल ते विचारून घेतो. आय-टू-सी बसवर बसलेल्या चिपला अशी सोय नाही. ती बोर्डावर आहे, अमुक पत्त्यावर आहे, तिची इंटरप्टची तार तमुक पिनला गेली आहे, हे कुणीतरी लिहून ठेवल्याशिवाय सॉफ्टवेअरला कळायला मार्ग नसतो. आर्म आणि आरआयएससी-व्ही बोर्डांवर हे लिहिण्याची रूढ जागा म्हणजे डिव्हाइसट्री. त्यातल्या एखाद्या नोडमध्ये काय लिहायचं, कोणती प्रॉपर्टी सक्तीची, तिचा अर्थ काय, हे ठरवून देणारा दस्तऐवज म्हणजे बाइंडिंग. हा लेख बाइंडिंग लिहिणाऱ्यांसाठी आहे. त्यातही ज्यांनी बोर्ड चालू करून दाखवला आहे, ड्रायव्हर लिहून झाला आहे आणि आता ‘तेवढं डॉक्युमेंटेशन राहिलंय’ म्हणत बसले आहेत, त्यांच्यासाठी जास्त.

‘तेवढं राहिलंय’ हाच विचार घात करतो. ड्रायव्हर ताजा असतो, डोळ्यांसमोर असतो. त्यात जी नावं वाचली जातात, जे आकडे लागतात, तेवढेच उचलून दस्तऐवजात उतरवले जातात. मग तो दस्तऐवज चिपचा राहत नाही, त्या एका ड्रायव्हरचा होतो. पुढे दुसऱ्या सिस्टिमवर काम करणाऱ्याला तो वाचून काही उमगत नाही आणि नाइलाजाने त्याला लिनक्सचा सोर्स उघडून बसावं लागतं.

वाचणारे एकटे लिनक्सवाले नाहीत, हे आधी मनात पक्कं करा. यू-बूट डिव्हाइसट्री वाचतो, बेअरबॉक्स वाचतो. फ्रीबीएसडी लिनक्सच्या झाडातल्या डिव्हाइसट्री फाइली आपल्या सोर्समध्ये आणून ठेवतो. झेफर तर बोर्डाचं वर्णन चालू बोर्डावर वाचतच नाही. बिल्ड होतानाच त्यातून सी भाषेचे मॅक्रो तयार करतो, कारण काही किलोबाइट रॅमच्या मायक्रोकंट्रोलरवर झाड उलगडत बसायला जागा नसते. डिव्हाइसट्रीची कल्पना जन्मलीही लिनक्सच्या बाहेर. सन कंपनीच्या ओपनबूट या फर्मवेअरमधून ती आली, १९९४ साली आयईईई १२७५ या नावाने तिचं मानक झालं, ॲपलच्या पॉवरपीसी मॅकवर आणि आयबीएमच्या पॉवर यंत्रांवर ती वापरली गेली. पॉवरपीसी लिनक्समध्ये २००५ च्या सुमारास फर्मवेअरचा बाकी पसारा गाळून फक्त माहितीचं सपाट झाड उरलं. २००८ मध्ये त्याचं ईपीएपीआर हे मानक निघालं, २०११ नंतर आर्मच्या जगाने ते उचललं आणि २०१६ मध्ये डिव्हाइसट्री स्पेसिफिकेशनची पहिली आवृत्ती आली. आज बहुतेक बाइंडिंग लिनक्सच्या सोर्समध्ये राहतात ही सोयीची गोष्ट आहे. पत्ता लिनक्सचा असला तरी मालकी सगळ्यांची आहे.

तेव्हा लिहायला बसताना टेबलावर दोनच गोष्टी ठेवा, चिपची डेटाशीट आणि बोर्डाचा स्किमॅटिक. ड्रायव्हरची फाइल बंद करा. पहिल्या मसुद्यापुरती तरी बंद करा.

एक ठोस चिप घेऊ. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सची आयएनए२२६ ही वीज मोजणारी लहानशी चिप. लोडकडे जाणाऱ्या वाटेत एक अगदी कमी रोधाचा शंट रेझिस्टर बसवायचा. त्याच्या दोन टोकांमधला व्होल्टेज ही चिप मोजते आणि त्यावरून करंट काढता येतो. तिच्या दोन पत्ता-पिना आहेत. प्रत्येक पिन ग्राउंडला, सप्लायला, डेटा-लाइनला किंवा क्लॉक-लाइनला जोडता येते, म्हणून एका बसवर हेक्स ४० ते ४एफ असे सोळा पत्ते मिळतात. एक ॲलर्ट पिन आहे, ओपन-ड्रेन. आता या चिपबद्दल दस्तऐवजात काय घ्यायचं आणि काय नाही?

प्रत्येक बाबीला तीन प्रश्न विचारा. चिप तीच ठेवून बोर्ड बदलला तर ही गोष्ट बदलेल का? बदलत असेल तर तिला प्रॉपर्टी हवी. शंटची किंमत अशी आहे. एका बोर्डावर तो २ मिलीओहमचा असेल, दुसऱ्यावर १० चा. चिपला ते कळायचा मार्ग नाही, सॉफ्टवेअरलाही नाही, लिहिलंच पाहिजे. दुसरा प्रश्न, ही गोष्ट चिपच्या नावावरून आपोआप कळते का? बस-व्होल्टेजच्या रजिस्टरमधली एक पायरी १.२५ मिलिव्होल्टची असते. आयएनए२२६ म्हटलं की ते आलंच. त्याला वेगळी प्रॉपर्टी देऊ नका. दिलीत तर कुणीतरी तिथे चुकीचा आकडा भरेल आणि मग चिप खरी की फाइल खरी असा वाद होईल. तिसरा प्रश्न, हार्डवेअर तसंच ठेवून वापरणाऱ्याच्या मर्जीने ही गोष्ट बदलेल का? ही चिप १ पासून १०२४ पर्यंत नमुन्यांची सरासरी काढू शकते. किती नमुने घ्यायचे हा मोजणाऱ्याचा निर्णय आहे. सकाळी १६, दुपारी १२८. हार्डवेअरच्या वर्णनात त्याला जागा नाही. दर किती सेकंदांनी वाचन घ्यायचं, लॉग कुठे टाकायचा, हेही तसंच.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नावर अडखळणारी बाइंडिंग सर्वांत जास्त दिसतात. ‘पोल-इंटरव्हल’ नावाची प्रॉपर्टी दिसली की समजावं, कुणाच्या तरी टायमरची सोय वर्णनात शिरली आहे.

करड्या जागा आहेत, त्या मान्य करू. तापमानाची मर्यादा घ्या. बोर्ड बंद प्लॅस्टिकच्या खोक्यात बसतो आणि ते प्लॅस्टिक ७० अंशांपुढे टिकत नाही म्हणून ७० ला यंत्र बंद व्हायला हवं, ही त्या उत्पादनाची भौतिक मर्यादा आहे. ती लिहिणं योग्य. पण पंखा ५० ला सुरू करावा की ५५ ला, हा आवाजाचा आणि पसंतीचा प्रश्न आहे. दोन्हींत आकडाच असतो, दोन्हींचं एकक अंश सेल्सिअसच असतं, तरी एक वर्णन आहे आणि एक धोरण आहे. अशा ठिकाणी नियम शोधत बसू नका. ‘हे असं का?’ याचं उत्तर स्किमॅटिकमध्ये, डेटाशीटमध्ये किंवा खोक्याच्या ड्रॉइंगमध्ये सापडतं का, ते बघा.

आयएनए२२६ अजून थोडी हातात ठेवू, कारण एककांचा धडा तिच्याकडेच आहे. जुन्या बाइंडिंगमध्ये शंटच्या प्रॉपर्टीचं नाव नुसतं ‘शंट-रेझिस्टर’ आहे आणि किंमत मायक्रोओहममध्ये अपेक्षित आहे. स्किमॅटिकवर मात्र १० मिलीओहम असं छापलेलं असतं. घाईत कुणी १० लिहिलं की करंट हजारपट दिसतो. लिहायला हवं होतं १०,०००. पुढच्या कित्येक बाइंडिंगमध्ये म्हणूनच नाव ‘शंट-रेझिस्टर-मायक्रो-ओहम्स’ असं आलं. एकक नावातच असलं की दस्तऐवज न उघडताही चूक डोळ्यांत भरते. मायक्रोव्होल्ट, मायक्रोॲम्पिअर, हर्ट्झ, मिलिसेकंद यांचे ठरलेले प्रत्यय आहेत, तेच वापरा. आधीपासून ठरलेल्या सामाईक प्रॉपर्टीला स्वतःचा नवा अर्थ देऊ नका. जी प्रॉपर्टी खरोखर एकाच कंपनीच्या चिपपुरती आहे तिच्या आधी त्या कंपनीचा उपसर्ग लावा.

सक्तीचं काय आणि ऐच्छिक काय, हेसुद्धा हार्डवेअरलाच विचारायचं असतं. ॲलर्ट पिन प्रोसेसरला जोडलेली असेल, थेट एखाद्या स्विचला जोडून वीज तोडायला वापरली असेल, किंवा मोकळी सोडलेली असेल. तिन्ही बोर्ड बरोबर आहेत. म्हणून इंटरप्ट ऐच्छिक. सप्लायशिवाय मात्र चिप चालूच शकत नाही. ‘माझ्या बोर्डावर तो कायम चालूच असतो, ड्रायव्हर त्याला हात लावत नाही’ हे ड्रायव्हरचं म्हणणं झालं. नव्या बाइंडिंगमध्ये सप्लाय सक्तीचे ठेवावेत असं माझं स्पष्ट मत आहे. बॅटरीवर चालणारं पुढचं उत्पादन येईल आणि तो सप्लाय बंद करायची वेळ येईल, तेव्हा त्याची नोंद आधीपासून असेल.

याच कारणासाठी वर्णन पूर्ण लिहा. ड्रायव्हर आज चिपच्या चार इनपुटांपैकी एकच वापरतो म्हणून दस्तऐवजात एकच लिहू नका. चिपला दोन इंटरप्ट असतील तर दोन्हींचा क्रम आणि नावं आताच ठरवा. एकदा कर्नलच्या आवृत्तीतून बाइंडिंग बाहेर पडलं की ते करार बनतं: जुना डीटीबी (डिव्हाइसट्रीची कंपाइल केलेली फाइल) नव्या कर्नलवर चालायलाच हवा, कारण तो डीटीबी शेतातल्या पंपाच्या कंट्रोलरवर फ्लॅशमध्ये बसलेला असू शकतो आणि त्याला बदलायला कुणी जाणार नाही. नंतर ऐच्छिक गोष्ट वाढवता येते, क्रम बदलता येत नाही.

आता ‘कम्पॅटिबल’. नोड कुठल्या चिपचा आहे हे सांगणारी ही ओळ, आणि सर्वांत जास्त आळस इथेच होतो. सीरियल पोर्टचं उदाहरण घेऊ. १६५५० हा जुना यूआर्ट इतका पसरला की त्याच्या रजिस्टरांची मांडणी असंख्य चिपांनी उचलली. त्यामुळे नव्या सीरियल पोर्टलाही नुसतं ‘एनएस१६५५०ए’ लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. बोर्ड कन्सोलही दाखवतो. पण सिनॉप्सिसच्या डिझाइनवेअर यूआर्टच्या एका मांडणीत वेगळी खोड आहे. पोर्ट व्यस्त असताना लाइन-कंट्रोल रजिस्टरमध्ये लिहायला गेलं तर ते लिहिणं तो नाकारतो आणि वर एक खास इंटरप्ट उठवतो. तो इंटरप्ट शमवायचा तर १६५५० मध्ये नसलेलं एक स्टेटस-रजिस्टर वाचावं लागतं. ज्याला फक्त ‘एनएस१६५५०ए’ सांगितलंय त्या ड्रायव्हरला हे ठाऊक असायचं कारणच नाही, आणि इंटरप्ट कोसळत राहतात. म्हणून आरके३३९९ चिपच्या नोंदीत आधी ‘रॉकचिप,आरके३३९९-यूआर्ट’ आणि मग ‘एसएनपीएस,डीडब्ल्यू-एपीबी-यूआर्ट’ अशी दोन नावं दिसतात. आधी नेमकं, मग त्याच्याशी जुळणारं जुनं. उद्या फक्त आरके३३९९ मध्ये दोष सापडला तर सॉफ्टवेअरला धरायला पहिलं नाव आहे. सापडलाच नाही तर दुसऱ्यावर काम भागतं. मॉडेलच्या आकड्यात एक्स घालून सगळी मालिका एका नावात कोंबू नका. त्या मालिकेत पुढच्या वर्षी येणारी चिप कशी असेल हे आज कुणालाच माहीत नसतं.

एका यूआर्टची रजिस्टरं चार-चार बाइटांच्या अंतरावर असतात, दुसऱ्याची लागोपाठ. हे हार्डवेअरच्या जोडणीचं वास्तव आहे आणि त्यासाठी सामाईक प्रॉपर्टी आहेत. बॉड रेट किती ठेवायचा हे मात्र पुन्हा वापरणाऱ्यावर.

संदिग्ध वर्णनाची किंमत किती मोठी असते हे बघायचं तर गिगाबिट इथरनेटच्या आरजीएमआयआय जोडणीकडे बघा. इथे मॅक (इथरनेट कंट्रोलर) आणि फाय (केबलकडची चिप) हे एकमेकांशी १२५ मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर बोलतात. चार डेटा-तारा, आणि क्लॉकच्या दोन्ही कडांवर डेटा. क्लॉकचं एक आवर्तन ८ नॅनोसेकंदांचं. डेटा स्थिर असताना त्याचा नमुना घेतला जावा म्हणून क्लॉक डेटापेक्षा सुमारे २ नॅनोसेकंद मागे ढकलावा लागतो. हा उशीर तीन ठिकाणी घालता येतो: बोर्डावर क्लॉकची तार नागमोडी लांबवून, मॅकच्या आत किंवा फायच्या आत. एकाच ठिकाणी घालायचा. दोन ठिकाणी घातला किंवा कुठेच घातला नाही, तर लिंक दिसते आणि पॅकेट हरवतात.

डिव्हाइसट्रीत यासाठी ‘फाय-मोड’ आहे आणि त्यात आरजीएमआयआयसाठी चार किमती आहेत: साधा ‘आरजीएमआयआय’, दोन्ही दिशांना अंतर्गत उशीर असलेला ‘आरजीएमआयआय-आयडी’, आणि एकेका दिशेचे दोन. पण उशीर नेमका कुणाच्या दृष्टीने मोजायचा हे वर्षानुवर्षं नीट लिहिलेलं नव्हतं. बोर्ड बनवणारे चारही किमती आलटून पालटून घालायचे आणि ज्यावर पिंग चाललं ती ठेवायचे. आथेरॉसच्या एका फायच्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये तर साधा ‘आरजीएमआयआय’ सांगितला तरी चिपमधला मूळचा उशीर बंदच केला जात नव्हता. त्यामुळे चुकीची किंमत लिहिलेले बोर्डही सुरळीत चालत राहिले. २०१९ मध्ये ड्रायव्हरची चूक सुधारली आणि त्या बोर्डांचं नेटवर्क गेलं. बोर्डात काहीच बदललं नव्हतं; वर्णन पहिल्या दिवसापासून खोटं होतं आणि ड्रायव्हरच्या चुकीने ते झाकलं होतं. २०२५ मध्ये बाइंडिंगच्या मजकुरातच सविस्तर खुलासा घातला गेला: ही किंमत बोर्डाचं वर्णन करते. बोर्डावरची तार स्वतः उशीर देत असेल तर ‘आरजीएमआयआय’. देत नसेल तर ‘आरजीएमआयआय-आयडी’, मग तो उशीर मॅक घालो की फाय, ते सॉफ्टवेअरने आपसात बघावं. एवढी दोन वाक्यं सुरुवातीला असती तर किती जणांचे किती तास वाचले असते.

यातून हाताशी ठेवण्यासारखी गोष्ट अशी की प्रॉपर्टीचा अर्थ लिहिताना मोजपट्टी घेऊन तपासता येईल असं वाक्य लिहा. ‘हा बिट सेट केला की रीसेट नीट होतो’ याने काहीच कळत नाही. ‘ही पिन लो असताना चिप रीसेटमध्ये असते’ हे मल्टिमीटर लावून पाहता येतं. जीपीआयओच्या ध्रुवीयतेत असंख्य फाइली इथेच चुकतात. चिपच्या पिनवर काय हवं ते बाइंडिंगमध्ये लिहा. मध्ये उलटा करणारा ट्रान्झिस्टर असेल तर त्याचा हिशोब बोर्डाची फाइल लिहिणारा करेल, आणि तो त्याने करायचा असतो हेही एका वाक्यात सांगा.

वाक्यांमधून ‘ड्रायव्हर’, ‘लिनक्स’, ‘कर्नल’, ‘प्रोब’ हे शब्द शोधा. जिथे सापडतील तिथे थांबा आणि त्यामागचं हार्डवेअरचं कारण लिहा. ‘ड्रायव्हरला क्लॉक लागतो’ यामागे ‘रजिस्टर वाचण्यासाठी बसचा क्लॉक चालू असावा लागतो’ हे सत्य असतं. ते सत्य लिहिलं की फ्रीबीएसडीवालाही ते वापरू शकतो. कधी कधी मागे काहीच सापडत नाही. तेव्हा ती प्रॉपर्टी काढून टाका.

नोडांच्या बाबतीतही हाच मोह होतो. एका चिपमध्ये रेग्युलेटर, घड्याळ आणि जीपीआयओ आहेत. लिनक्समध्ये त्यांचे तीन ड्रायव्हर आहेत. म्हणून तीन उप-नोड. पण उप-नोडला स्वतःचा पत्ता, क्लॉक, सप्लाय असं काही नसेल तर त्याची गरज नाही. सॉफ्टवेअरने आपले विभाग कसे पाडावेत हा त्याचा घरगुती प्रश्न आहे, आणि विभाग बदलतातही. नोडचं नाव चिपच्या मॉडेलवरून न ठेवता प्रकारावरून ठेवा: पॉवर-सेन्सर, सीरियल, इथरनेट-फाय.

लिनक्सची खूण असलेल्या प्रॉपर्टी अस्तित्वात आहेत हेही सांगायला हवं. बटणाला कोणता की-कोड द्यायचा यासाठी ‘लिनक्स,कोड’ आहे. एलईडीसाठी ‘लिनक्स,डिफॉल्ट-ट्रिगर’ आहे. निदान नावातच त्या स्वतःला लिनक्सच्या म्हणवतात. त्यांचा दाखला देऊन नवी घालू नका. एलईडीलाच पुढे ‘फंक्शन’ आणि ‘कलर’ मिळाले आणि ते कुठल्याही सिस्टिमला समजतात. बूटच्या वेळी फर्मवेअरने सिस्टिमला द्यायच्या निरोपांसाठी ‘चोझन’ हा वेगळा नोड आहे. असे निरोप तिथेच राहू द्या.

लिहायची पद्धत आता वायएएमएलची आहे, आणि हे फार चांगलं झालं. पूर्वी साध्या टेक्स्ट फाइलीत काहीही लिहिता यायचं. आता किती नोंदी चालतील, कमाल-किमान किती, कोणत्या किमती वैध, हे यंत्राला तपासता येईल असं मांडावं लागतं. ‘मेक डीटी_बाइंडिंग_चेक’ दस्तऐवज आणि त्यातलं उदाहरण तपासतं, ‘मेक डीटीबीएस_चेक’ खऱ्या बोर्डांच्या फाइली त्याच्याशी ताडून पाहतं. यादीत नसलेली प्रॉपर्टी नाकारणारी ओळ विसरू नका. ती नसेल तर टायपो बिनबोभाट पुढे जातो. उदाहरण पूर्ण द्या, सप्लाय आणि इंटरप्टसह. बहुतेक वाचक मजकूर वाचत नाहीत, उदाहरण उचलतात. आणि परवाना दुहेरी ठेवा, जीपीएल-२ किंवा दोन कलमी बीएसडी. नुसता जीपीएल ठेवला तर ज्यांच्यासाठी हे सगळं सिस्टिम-निरपेक्ष लिहिलं त्यातल्या बऱ्याच जणांना ते आपल्या झाडात घेताना अडचण येते.

भारतात आयआयटी मद्रासच्या शक्तीसारखे आरआयएससी-व्ही प्रोसेसर घडत आहेत. नव्या चिपसाठी पहिलं बाइंडिंग तिच्या घडणाऱ्यांनाच लिहावं लागतं; नक्कल करायला आधीचं काही नसतं. डेटाशीट ज्यांच्या हातची, त्यांनीच ते लिहिलेलं उत्तम. ते काम ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या गळ्यात शेवटच्या आठवड्यात टाकू नका.

मसुदा झाला की तो आणि स्किमॅटिक अशा सहकाऱ्याच्या हातात द्या ज्याने तुमचा ड्रायव्हर पाहिलेला नाही. त्याला त्या बोर्डाचा नोड लिहायला सांगा आणि शेजारी बसा, पण बोलू नका. तो जिथे मान वर करून विचारेल, तिथे तोंडी उत्तर देऊ नका. दस्तऐवजात वाक्य घाला. मग पाठवा. पॅच-मालिकेत बाइंडिंग स्वतंत्र आणि ड्रायव्हरच्या आधी ठेवा, समीक्षक हाच क्रम मागतात.